मास्तरांना आवडलेला प्रसंग

'नऊ माणसं, दोन खोल्या' हा सिनेमा माझ्या ताईने अकरा वेळा पाहिला. त्यातल्या नऊ वेळा मास्तरांच्या शेजारच्या खुर्चीत बसून. हा आकडा मी तिच्या पर्समधल्या तिकिटांच्या तुकड्यांवरून काढला. दुसऱ्याची पर्स उघडू नये हे मला कळतं. पण भावोजी गेल्यापासून जी बाई दोन वर्षं जिना उतरली नव्हती, ती एकाएकी सिनेमाच्या चाहत्यांच्या गटात सामील होते, शिट्टी वाजवायला शिकते आणि एका शिंप्याचं नाव दिवसातून सात वेळा घेते, तेव्हा भावाने काय करायचं? त्यातून मी छापखान्यात छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका शोधलेला माणूस. सगळं ठीक दिसलं की मला जास्तच शंका येते.

मास्तर म्हणजे चौकातल्या शिलाईच्या दुकानाचे जुने मालक. दुकान आता मुलगा चालवतो. कडक इस्त्रीचा शर्ट, मान जरा वाकडी, बोलणं गोड. ताईची आणि त्यांची ओळख तिकिटाच्या रांगेत झाली. तेव्हापासून थिएटरच्या पायऱ्या चढताना ते तिचं कोपर धरतात. फोनवर गटाचा निरोप आला की म्हणतात, "ताई, काय लिहिलंय वाचा हो, चष्मा घरी राहिला." दर वेळी चष्मा घरी! पन्नास वर्षं सुईत दोरा ओवणारा माणूस नेमका चष्माच विसरतो? एकदा तर त्यांनी बँकेचा कागदही तिच्याकडून वाचून घेतला. मी मनात म्हटलं, आज स्वतःचा कागद वाचायला देतोय, उद्या हिच्यासमोर सहीला ठेवील.

आणि तसंच झालं. ताई म्हणाली, "मागची खोली मास्तरांना द्यायची ठरवतेय. त्यांच्या घरी अडचण होते. रविवारी सांगते त्यांना."

"ताई, जरा विचार कर. एकटी बाई, स्वतःचं घर..."

"किड्या, मी तुझं मत विचारलं नाही. तुला कळवलं."

पुस्तकातला किडा म्हणून लहानपणापासून मी किड्या. सदुसष्टाव्या वर्षीही.

बुधवारी मास्तर तिच्याकडे आले होते. ताई आत चहा टाकत होती. आम्ही दोघंच समोरासमोर. मला अनोळखी माणसाशी बोलायला सुचत नाही. बहुतेक वेळा मी समोरच्याच्या पायांकडे बघत बसतो. पण त्या दिवशी तोंडातून आपोआप निघालं, "मास्तर, त्या सिनेमातला तो प्रसंग काय सुंदर आहे, नाही?"

"कोणता हो?"

सिनेमा मीही एकदा पाहिला होता, ताईने ओढून नेलं म्हणून. पण मी जो प्रसंग सांगितला तो त्यात नव्हता. कुठेच नव्हता. तो मला तिथल्या तिथे सुचला. "तो हो. सून रागावून घर सोडायला निघालेली असते. सगळे झोपलेत. पहाटे आजोबा उठतात, तिच्या बॅगेचा उसवलेला पट्टा शिवतात आणि परत जाऊन पडतात. कुणी एक शब्द बोलत नाही. संगीतसुद्धा नाही. सकाळी ती बॅग उचलून निघून जाते. तिला कळतही नाही."

मास्तरांनी मान हलवली. मग म्हणाले, "हो, हो. तो ना! फार छान. गलबलून येतं मला."

"दर वेळी?"

"दर वेळी."

सापडला! या माणसाने सिनेमा पाहिलेलाच नव्हता. नऊ वेळा अंधारात माझ्या बहिणीशेजारी बसला आणि पडद्याकडे नजरच नाही. मग नजर होती कुठे?

ताई चहा घेऊन आली तेव्हाच मी बोलायला हवं होतं. पण तिच्यासमोर माझी जीभ टाळ्याला चिकटते. रविवारी ती त्यांना खोलीचं सांगणार, त्याच्या आधी दोघांना समोर उभं करून विचारायचं, असं मी ठरवलं. तीन दिवस वाक्याची जुळवाजुळव करत होतो.

रविवारी सिनेमाला पन्नास दिवस झाले. सकाळी थिएटरच्या दालनात शंभरेक माणसं जमली होती. गटाची अध्यक्ष एक दातांची डॉक्टर. तिने माइकवरून वर्तमानपत्रातली बातमी वाचून दाखवली. कौटुंबिक सिनेमांमध्ये यंदा सगळ्यांत जास्त कमाई 'नऊ माणसं'ची झाली होती. घरातलं पोर बोर्डात पहिलं यावं तशा टाळ्या पडल्या.

"पैसे गेले निर्मात्याच्या खिशात आणि केक आपल्या खर्चाने," ताई माझ्या कानाशी म्हणाली आणि जोरात शिट्टी वाजवली.

निर्मात्यांना पत्र जायचं होतं. दुसरा भाग काढा, वाट पाहतोय. त्यावर सगळ्यांच्या सह्या. पण त्याआधी प्रत्येकाने आपला आवडता प्रसंग सांगायचा, असं डॉक्टरणीने जाहीर केलं. कुणी न्हाणीघराबाहेरची भांडणं सांगितली, कुणी आजोबा मुलाखतीला जातात ते. मग ती म्हणाली, "आता मास्तर! नऊ वेळा पाहणारे आमचे मास्तर!"

ताईने माइक त्यांच्या हातात दिला. एवढंही आपल्या हाताने घेता येत नाही का, असं मला वाटलं.

मास्तरांनी घसा साफ केला. "मला आवडतो तो बॅगेचा प्रसंग," ते म्हणाले. "सून निघालीय. पट्टा उसवलाय. आजोबा पहाटे उठतात. दिवा लावत नाहीत, कुणी जागं होईल म्हणून. सुईचं नेढं बोटाने चाचपतात. दोरा ओठांनी ओला करतात. एकदा चुकतं, दोनदा चुकतं. तिसऱ्यांदा दोरा जातो, तो त्यांना दिसत नाही, बोटाला कळतो. मग उलटा टाका घालतात, पक्का. ओझं असलं तरी तुटायचा नाही. पोरगी जाणार हे त्यांना माहीत आहे. निदान वाटेत तिची बॅग तुटू नये."

मी एवढं काही सांगितलं नव्हतं.

मग मागून कुणीतरी म्हणालं, "हा कुठेय प्रसंग? मी चौदा वेळा पाहिलाय."

"शेजारच्या पडद्यावरचा असेल!"

"मास्तर, डोळा लागला होता का हो?"

हशा पिकला. मला आनंद व्हायला हवा होता. माझं काम परस्पर झालं होतं. पण मी मास्तरांकडे बघत होतो. बोलणारे होते डावीकडे, मागे. मास्तर मात्र समोरच्या खांबाकडे तोंड करून हसण्याचा प्रयत्न करत होते आणि त्यांचा मोकळा हात हवेत ताईला शोधत होता.

चष्मा. कोपर. बँकेचा कागद. मला आत्ता कुठे कळत होतं.

ताईने आधी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग तिने माइक ओढून घेतला. "हसताय काय? नाहीच आहे हा प्रसंग! असेल कसा? मास्तरांनी तो दुसऱ्या भागासाठी रचलाय. सून निघाली तिथे पहिला भाग संपला ना? मग दुसरा इथूनच सुरू व्हायला हवा!"

"अरे वा!" डॉक्टरीण ओरडली. "घ्या, पत्रात घ्या! शब्दन्‌शब्द घ्या!" टाळ्या, शिट्ट्या. चौदा वेळा पाहणाऱ्याने पुढे येऊन मास्तरांचा हात हातात घेतला.

केक वाटला जात असताना ताईने आम्हा दोघांना कोपऱ्यातल्या बाकावर आणलं.

"मास्तर, हे तुम्हाला कुणी सांगितलं?" तिने विचारलं, माझ्याकडे बघत.

मी सांगून टाकलं. तीन दिवस जुळवलेलं एकही वाक्य उपयोगी पडलं नाही. "मला वाटलं, यांनी सिनेमा पाहिलेलाच नाही," मी म्हटलं.

"खरंच आहे, नाही पाहिला," मास्तर म्हणाले. "काचबिंदू आहे. तीन वर्षं झाली. उजेड आणि सावल्या, एवढंच. मुलाला अर्धंच माहीत आहे. पुरतं कळलं तर तो मला एकट्याने घराबाहेर पडू द्यायचा नाही. सिनेमात ताई सांगतात, तसं मी बघतो."

"मग मी विचारलं तेव्हा हो कशाला म्हणालात?"

"आता काय सांगू? ताईंनी तो प्रसंग मला कधी सांगितला नव्हता. पण तुम्ही म्हणालात, शब्द नाहीत, संगीत नाही. तशा जागा आहेत त्यात. मला वाटलं, तिथे ताईंना रडू येत असेल, म्हणून गप्प राहत असतील. विचारून कशाला अवघडायचं?"

ताईने त्यांच्या हातावर हात ठेवला.

"म्हणजे त्या गप्प राहिल्याच नव्हत्या," मास्तर म्हणाले.

"नाही," ताई म्हणाली.

"आणि प्रसंगही नव्हता."

"नाही," मी म्हटलं. "चुकलं माझं."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. नुसते कडक इस्त्रीच्या बाहीवरून हात फिरवत बसले. "म्हणजे मला कुणीही काहीही सांगावं आणि मी त्यावर रडावं," ते म्हणाले. "ताई, त्या खोलीचं तुम्ही जिन्यात म्हणालात ना, ते सध्या राहू द्या."

म्हणजे तिने आधीच सांगितलं होतं. मी तिच्याकडे बघू शकलो नाही.

"झालं तुझं समाधान?" ती म्हणाली.

तेवढ्यात घंटा झाली. खेळाची तिकिटं गटाने आधीच काढली होती. ताईने मास्तरांना मधल्या खुर्चीत बसवलं, मला त्यांच्या डावीकडे, स्वतः उजवीकडे बसली. "आज तू सांग," ती मला म्हणाली. "मी एक अक्षर बोलणार नाही."

मी सांगू लागलो. "आजोबा खिडकीशी उभे आहेत."

"खरंच?" मास्तरांनी विचारलं.

"खरंच."

"सून भाजी चिरतेय," मी पुढे सांगितलं. "निळी साडी."

"निळीच?"

"निळीच. म्हणजे, निळसर."

प्रत्येक वाक्याला ते विचारत, आणि मला स्वतःचीच शंका येऊ लागे. पुन्हा पडद्याकडे बघून खात्री करेपर्यंत तिथे दुसरंच काही चाललेलं असे. मी हळूहळू मागे पडत गेलो. थोरल्या काकांची लुंगी दाराच्या कडीत अडकते तिथे सगळं थिएटर हसलं. मास्तर माझ्याकडे कान करून बसून राहिले.

"काय झालं?"

"लुंगी. म्हणजे आधी काका वळतात, मग कडी... थांबा, आता ते निघून गेले."

मास्तरांनी सुस्कारा सोडला आणि पलीकडे कलले. "ताई, तुम्हीच सांगा. हे फार उशिरा सांगतात."

"आणि मी खोटं सांगितलं तर?"

"वेळेवर तरी सांगाल."

पडद्यावर स्वयंपाकघर आलं, गेलं. मग ताईचा आवाज आला. हळू, पण मलाही ऐकू येईल एवढा. माझ्यासाठीच असावा. आजोबा वाकले, नातीने दार लोटलं, कुकरची वाफ गेली. मी एकेक वाक्य पडद्याशी ताडून पाहत होतो. सगळं बरोबर होतं. मास्तर आता 'खरंच?' म्हणत नव्हते.

"आणि सून आजोबांकडे बघून हसतेय," ताई म्हणाली.

पडद्यावर सून हसत नव्हती. मास्तरांचा चेहरा तेवढा हसरा झाला. मी काही बोललो नाही.