पिल्लाच्या नावानं

कुत्र्याचं पिल्लू घरात आलं तेव्हा सासऱ्यांनी पाणी पिणं जवळजवळ सोडलंच होतं. अर्ध्या गावाच्या पँटी शिवलेले शिंपी ते. आता स्वतःचीच पँट कोरडी राहीना, म्हणून अंग चोरून खाटेवर पडून असायचे. ओले कपडे गादीखाली सापडायचे. सुनेनं विषय काढला की भिंतीकडे तोंड फिरवायचे. अशानं एक दिवस दवाखान्यात भरती करावं लागेल, या धास्तीनं तिचा जीव टांगणीला लागला होता.

पिल्लाला वळण लावायचं मात्र तिनं मनावर घेतलं. सुया, टाचण्या, दोऱ्याची रिळं वरच्या फळीवर गेली, विजेच्या वायरी कपाटामागे गेल्या आणि पिल्लाचा पट्टा तिच्या कमरेला बांधला गेला. नजर ढळली की सतरंजी भिजलीच म्हणून समजा! झोपून उठलं, खाल्लं, खेळून दमलं, की चला दारासमोरच्या त्याच त्या झाडाखाली. चुकलं तर रागवायचं नाही, मुकाट्यानं पुसायचं. जमलं तर तोंड भरून कौतुक.

"चला, शू करून येऊ!" ती मोठ्यांदा म्हणे, तेही नेमकं सासऱ्यांच्या दारात. पिल्लू शेपटी हलवत निघे. जरा वेळानं खाट कुरकुरे, मोरीचं दार वाजे. ती वळून बघत नसे. हळूहळू सासरे स्वतःहून पाणी मागू लागले.

एका दुपारी पडद्यातून मधासारखा उजेड जमिनीवर ओघळत होता. सगळं घर पेंगत होतं. सुनेचाही डोळा लागला. स्वप्नात ती पिल्लाला झाडाकडे नेत होती आणि झाड आपलं पुढे पुढे सरकत होतं, हसल्यासारखी पानं हलवत. जाग आली तेव्हा कमरेचा पट्टा सुटलेला, दार सताड उघडं. बाहेर गाड्यांचा रस्ता.

ती अनवाणी धावली. झाडाखाली सासरे उभे होते, पट्टा मनगटाला घट्ट गुंडाळून.

"शाब्बास रे माझ्या वाघा!" ते पिल्लाला म्हणत होते.

"बाबा, मला उठवायचं ना हो!"

"दमतेस पोरी. दोघांचं करून."

ती गोरीमोरी झाली. "तसं नाही हो बाबा..."

"लेकी बोले सुने लागे, हे ऐकलं होतं. कुत्र्या बोले सासऱ्या लागे, हे तुझ्याकडून शिकलो." ते खुदकन हसले. मग पिल्लाला कुरवाळत म्हणाले, "सरळ मला म्हणाली असतीस, तर लाजेनं मेलो असतो गं. हाक त्यालाच मारत जा. आम्ही दोघंही येऊ."