बायसाठी स्थळ

आश्विनातला सूर्य सह्याद्रीच्या खांद्यावर उगवतो तो केवळ पाण्याचा तळ उजळण्यासाठी. भात पिकवणे, कपडे वाळवणे, माणसांना कामाला लावणे ही त्याची जाता जाता उरकायची कामे. अशी विश्राम शिवगणांची श्रद्धा होती. आणि ज्या क्षणी ही श्रद्धा त्यांच्या मनात सुवर्णाक्षरांनी उमटली, त्या क्षणी त्यांचा डावा पाय गुडघ्यापर्यंत चिखलात होता, आणि पायातली चप्पल त्याहूनही खाली.

"सोड ती चप्पल, विश्राम," काठावरून दिगंबर लोटलीकर म्हणाले. त्यांचे चपलांचे दुकान होते. "उद्या ये, नवीन देतो. फक्त डावी मागू नकोस. आम्ही जोड फोडत नाही."

पिवळ्या पडू लागलेल्या खाचरांवरून धुके उठत होते. उठत होते आणि विरत होते. बांधावर कुर्डूचे गुलाबी तुरे दवाने वाकले होते. आणि त्या सोनेरी, ओलसर, अर्धजाग्या मळ्यातून एक पऱ्या वाहत होता. तीन ढांगांत ओलांडावा एवढाच. पण त्याचे पाणी असे की पाणी आहे हे पाय भिजल्यावर कळावे.

तिघे होते. मोजणी खात्यातले विश्राम शिवगण, वय चौपन्न, अविवाहित. लोटलीकर, जे स्वतः पऱ्यात अनवाणीच उतरत. आणि कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या नसीमा मुकादम: गळ्यात भिंग, खांद्यावर जाळे, स्वरात तासाची घंटा. दर रविवारी हे तिघे तळहाताएवढ्या जाळ्यांनी बोटाच्या पेराएवढे मासे शोधत. त्या माशांचे कालवण कधीच होत नसे, म्हणून तिन्ही घरांतील मंडळींनी त्यांच्यावरची आशा सोडली होती.

त्यांचा एक दंडक होता. पऱ्याचे नाव उच्चारायचे नाही. नाव फुटले की मागोमाग शोभेचे मासे विकणारे येतात, आणि एका हंगामात पऱ्या रिता होतो. म्हणून प्रत्येक पऱ्याला ते 'स्थळ' म्हणत. "रविवारी एक स्थळ बघायला जायचंय," असे विश्रामराव फोनवर बोलले की मोजणी कार्यालयात चार टेबलांवर आनंद पसरे. तरुणपणी त्यांनी सतरा स्थळे पाहिली होती. एकाही ठिकाणी नकार त्यांनी दिलेला नव्हता.

आजचे स्थळ मात्र खरोखरीचे स्थळ होते. आज बायसाठी नवरा पाहायचा होता.

बाय म्हणजे विश्रामरावांच्या खिडकीतल्या काचटाकीत राहणारी मासोळी. वाळल्या गवताच्या रंगाची, अबोल, एकाकी. दिवसभर करवंटीच्या सावलीत बसणारी. जातीचे नाव माणिकपंखी, तेही या तिघांनीच ठेवलेले. ज्याचे कालवण होत नाही त्याला कोकणात नाव मिळत नाही.

ती आली होती विश्रामरावांच्या आजोळच्या पऱ्यातून. तो पऱ्या आता मोठ्या रस्त्याच्या भरावाखाली सिमेंटच्या नळात होता. त्या रस्त्याची मोजणी विश्रामरावांनीच केली होती. इतकी अचूक केली होती, की तिचे प्रशस्तिपत्र काचेच्या चौकटीत टाकीच्या वर टांगले होते. मोजणीच्या शेवटच्या दिवशी त्यांनी डब्यातली भाकरी कावळ्यांना घातली आणि रिकाम्या डब्यातून एक मासोळी घरी आणली. नकाशावरची निळी रेघ पुसली गेली. डब्यात ती हलत राहिली.

माणिकपंखीला आयुष्य फार तर चार वर्षांचे. बायचे तिसरे सरत आले होते. तिच्यामागे त्या पऱ्याचे जगात काहीच उरणार नव्हते. ना थेंब, ना रेघ. नर माणकासारखा रंगतो आणि मादी गवतासारखी फिकी राहते, हे विश्रामरावांनी पुस्तकात वाचले होते, आणि त्यावरून बाय ही बाय असल्याचे त्यांनीच ठरवले होते. नसीमाबाईंनी तिला फक्त फोनवरच्या फोटोत पाहिले होते, तेही करवंटीतून डोकावताना.

सूर्य वर आला. किरण पाण्यावर पडले, पाण्यात पडले, पाण्यापार गेले. आणि पऱ्याने आपला तळ उघडला.

आधी वाळू दिसली. अभ्रकाच्या कणांनी लुकलुकणारी, जणू तारांगण उपडे घातलेले. मग वाळूवर सावल्या दिसल्या, इवल्या, थरथरत्या; आणि सावल्यांच्या वर त्या सावल्यांचे धनी. रुपेरी सुयांसारखे. काळ्या पट्ट्यांचे. कपाळावर शुभ्र ठिपका मिरवणारे. झुंडीने वळणारे, झुंडीने थांबणारे; हजार देह आणि एकच विचार.

आणि उंबराच्या बुडल्या मुळाशी, काळोखाच्या एका घडीत, तो होता.

पेराएवढा. निश्चल. मग त्याने पर उघडले, आणि मुळाशी जणू कुणी निखाऱ्यावर फुंकर घातली. शेंदरी उजळले, शेंदरीतून माणकाचे लाल उजळले, लालाच्या कडेला निळी रेघ उमटली. अशी निळी, की आभाळाने आपला रंग कुठून उसना घेतला असेल ते कळावे. तो वळला, आणि ऊन त्याच्याबरोबर वळले. तो थांबला, आणि पऱ्या थांबला.

तीन प्रौढ, करदाती माणसे पाण्यात गुडघे टेकून होती. लोटलीकरांच्या तोंडातली सुपारी चावायची राहिली. नसीमाबाईंच्या हातातले भिंग डोळ्यापर्यंत गेलेच नाही. कुणी त्या माशाला पाहावे म्हणून तो रंगला नव्हता. तिथे पाहायला कुणी नसताना, गावाला नाव ठेवायला सवड नसताना, तो युगानुयुगे असाच रंगत आला होता. विश्रामरावांनी आयुष्यभर जमीन मोजली होती. हे कुठल्या साखळीने मोजावे ते त्यांना कळेना.

"माशाल्ला," नसीमाबाई पुटपुटल्या. हा शब्द वर्गात त्या कधी वापरत नसत.

जाळे हलकेच आत गेले, हलकेच वर आले. आत दोघे होते. एक माणिक, आणि एक गवत.

"दोन्ही घेऊ," लोटलीकरांना वाचा फुटली. "एक नवरा, एक करवली."

"एका स्थळाहून एकच. हाही दंडक तुम्हीच लिहिलात ना?" नसीमाबाई म्हणाल्या. "शिवाय ही मादी आहे, विश्रामदादा. ती तुमच्याकडे आहेच की."

"आहे ना," विश्रामराव अभिमानाने म्हणाले. "घरी आहे."

त्यांनी ओंजळ पाण्यात टेकवली. ती फिकी मासोळी क्षणभर त्यांच्या तळव्यावर रेंगाळली, जणू आणखी काही विचारायचे असेल तर विचारा. विश्रामरावांनी आयुष्यात प्रथमच नकार दिला. फार हळुवारपणे दिला. कसा देतात हे त्यांना सतरा वेळा दाखवण्यात आले होते. ती वळली, आणि पाणी झाली. नसीमाबाईंनी आपल्या नोंदवहीत वेळेसह दोन ओळी लिहिल्या.

परतीच्या वाटेवर बाटली विश्रामरावांच्या मांडीवर होती. "हळू घे रे दिगू," ते प्रत्येक खड्ड्यापाशी म्हणत होते. "जावई आहे."

दुपारभर त्यांनी चमच्याचमच्याने टाकीतले पाणी बाटलीत घातले, नव्या पाहुण्याला ते मानवावे म्हणून. साडेचार वाजता पश्चिमेचे ऊन खिडकीत आले, काचेत आले, पाण्यात आले. विश्रामरावांनी बाटली कलती केली.

तो उतरला. टाकी उजळली.

करवंटीच्या दारात बाय आली. तीन वर्षांत ती उन्हात आली नव्हती; आज आली. तिने त्याला पाहिले. आणि मग ते घडले, जे विश्रामराव मरेपर्यंत विसरणार नव्हते. तिच्या गवती अंगावर कुठूनतरी, आतून, फार खोलातून, एक लाली चढू लागली. आधी गालांवर, मग पाठीवर, मग परांच्या टोकांपर्यंत. फिकुटलेले शेंदरी झाले, शेंदरी माणिक झाले, आणि माणकाच्या कडेला उमटली तीच निळी रेघ. आजोळच्या पऱ्याची पुसलेली रेघ. पर उघडून ती त्याच्यासमोर उभी राहिली; निखाऱ्यासमोर निखारा, ज्योतीसमोर ज्योत.

"लाजली रे बाय," लोटलीकर घोगऱ्या आवाजात म्हणाले.

विश्रामरावांना टाकी धूसर दिसू लागली. त्यांनी काच पुसली. काच स्वच्छच होती.

नसीमाबाई भिंग लावून वाकल्या. बराच वेळ वाकलेल्या राहिल्या.

"विश्रामदादा."

"काय?"

"बाय बाप्या आहे."

खिडकीबाहेर एक रिक्षा गेली. तिचा आवाज पार वळणापर्यंत ऐकू आला.

"एकटा नर रंग धरत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "समोर आपल्यासारखा दुसरा आला की धरतो. हे लाजणं नाही, दादा. दम देणं आहे. मध्ये काहीतरी घाला, नाहीतर शेपट्या उरायच्या नाहीत."

लोटलीकरांनी इकडेतिकडे पाहिले, मग भिंतीवरचे प्रशस्तिपत्र उतरवले, त्याची काच काढली आणि टाकीच्या मधोमध उभी केली. अगदी मापात बसली. काचेच्या अलीकडे एक ज्योत, पलीकडे एक ज्योत. उतरत्या उन्हात दोघेही जळत होते, उजळत होते, एकमेकांना पाहत होते. तीन वर्षे समोर कुणी नव्हते म्हणून तो रंगला नव्हता, एवढेच.

मग विश्रामरावांनी नसीमाबाईंची नोंदवही मागून घेतली आणि सकाळचे पान उघडले.

सव्वानऊ. नर एक, घेतला.

मादी एक, परत सोडली.