उघडच आहे

वर्गात चार रांगा होत्या. पहिली गणितवाल्यांची, दुसरी भौतिकशास्त्रवाल्यांची, तिसरी संगणकवाल्यांची. चौथीवर पाटी होती: 'इतर'. इतरांत तिघंच होते. एक जनावरांचा डॉक्टर, एक मोडकी खुर्ची आणि मुद्रितशोधक बाई.

क्वांटम संगणनाचा हा वर्ग 'सर्व शाखांसाठी खुला' असल्याची जाहिरात बाईंनीच तपासली होती. तिच्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. खोटं तपासायचं काम त्यांच्याकडे नव्हतं.

त्या हौसेनं आल्या नव्हत्या. छापखान्यात या विषयाची पुस्तकं यायला लागली होती आणि मालकानं सांगितलं होतं, "विषय कळणारं माणूस हवं. प्रमाणपत्र आणा, नाहीतर तुमची खुर्ची जावयाला." जावयाला ऱ्हस्व-दीर्घ ही औषधांची नावं वाटायची.

शिकवणाऱ्याचं नाव वर्गानं 'उघडच' ठेवलं होतं. फळ्यावर काहीही खरडलं की तो म्हणे, "हे तर उघडच आहे." पहिल्या चाचणीत जिथंतिथं एकच विचित्र चिन्ह होतं: डावीकडे उभी रेघ, मध्ये आकडा, उजवीकडे टोकदार कंस. बाईंनी लाल पेनानं त्रेचाळीस कंस दुरुस्त केले. उघडचनं तो पेपर वर्गासमोर नाचवला.

"अहो बाई, क्यूबिटची अवस्था अशीच लिहितात! हे तर उघडच..."

"कंस उघडलेला नाहीये, सर. नुसताच मिटलाय."

पहिली रांग खो खो हसली. डॉक्टर कानाशी कुजबुजला, "ताई, मनावर घेऊ नका. मला ती एका शिंगाची गाय वाटली. मी उपचारही लिहिलेत."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि तिथंच मुक्कामाला राहिली.

शुक्रवारी पाचपर्यंत ज्याचं उदाहरण वर्गाच्या क्वांटम यंत्रावर सुटणार नाही, त्याची रवानगी 'ओळख वर्गात' होणार होती. तिथे प्रमाणपत्र नव्हतं, नुसती ओळख होती. उघडचनं वाटलेल्या टिपणाच्या चौथ्या पानावर क्यूबिटच्या दोन अवस्था दिल्या होत्या, 'अधिक' आणि 'उणे'. 'उणे' तयार करून तिच्यावर ठरलेली क्रिया केली की यंत्रानं 'एक' म्हणायचं. ते तीन दिवस 'शून्य' म्हणत होतं, सगळ्यांनाच. पहिली रांग यंत्राला दोष देत होती, दुसरी तापमानाला, तिसरी पहिलीला.

शुक्रवारी चार वाजता बाईंनी चिडून धंद्याची रीत काढली. टिपण उलटं वाचायचं, शेवटच्या ओळीपासून वर. अर्थ कळला की डोळा चूक गिळतो, म्हणून अर्थाला दाराबाहेर उभं करायचं. बाईंना ते सोपं गेलं. अर्थ आत आलाच नव्हता.

चौथ्या पानावर पेन अडलं. मथळे दोन, पण खालची ओळ शब्दशः तीच: शून्य अधिक एक, भागिले दोनचं वर्गमूळ. एकाच माणसाची दोन नावांनी हजेरी!

"सर, 'उणे'च्या ओळीत उणं कुठंय?"

उघडचनं पान डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं. "छपाईची चूक दिसतेय."

"बत्तीस डोकी तीन दिवस बघतायत."

"ते इतकं उघड होतं, की... कुणी पाहिलंच नाही."

बाईंनी एक चिन्ह बदललं आणि उदाहरण यंत्राकडे पाठवलं. चार बावन्नला उत्तर आलं: एक. एवढ्याशा आडव्या रेघेनं सगळा निकाल फिरतो, हे बाईंना तेव्हा कळलं. त्या भडकलेल्या असतानाच अर्थ न विचारता आत शिरला होता.

"शाबास!" उघडच टाळ्या वाजवत म्हणाला. "आणि तेही चक्क इतरांमधून!"

आगीत तेल पडलं. बाईंनी चौथ्या रांगेवरची पाटी काढली, 'इतर'वर लाल रेघ मारली, शिकवणाऱ्याच्या टेबलाकडे बाण काढला आणि समासात लिहिलं: 'तिकडे घ्या.' मग पाटी त्याच्या टेबलावर आपटली.

"हे काय?"

"दुरुस्ती," बाई म्हणाल्या. "उघडच आहे."