निंबाकडचा गलका

...सातचा आकडा अर्धाच होता आणि त्या अर्ध्या आकड्याच्या टोकाला एक दोरा निघाला होता. ओढावा तर सगळी शिवण उसवायची, न ओढावा तर डोळ्यांना खुपत राहायचा. कांताने बसकर खुंटीवरून काढलं, झटकलं, पुन्हा न्याहाळलं. समता संघाच्या पोरांच्या फाटक्या हिरव्या जर्स्या धुऊन, कापून, तुकड्याला तुकडा जोडून तिनेच ते शिवलं होतं. मैदानावर जाताना काखेत मारायचं आणि निंबाखाली अंथरून बसायचं, म्हणजे साडीला मुरूम लागत नाही. झटकल्यावर मैदानाची तांबडी धूळ उडायला हवी होती. उडाली ती घरातलीच, जाळ्याजळमटांची, भिंतीच्या पोपड्यांची. वर्ष होत आलं, बसकर खुंटीला आहे.

आज फुटबॉलच्या मोसमातला पहिला सामना. दुपारी, घरामागेच, चक्कीच्या पलीकडच्या मैदानावर, आणि समोर पुन्हा हिंगणघाटचीच पोरं. त्यांनाच मागच्या हिवाळ्यात अंतिम सामन्यात हरवून नालवाडीच्या समता संघाने जिल्ह्याचा चषक आणला होता. पहिल्यांदाच आणला. तोवर उपविजेते होण्यात हे लोक इतके पटाईत झाले होते की तिचा नवरा हरिदास म्हणायचा, आपल्या पोरांना दुसऱ्या नंबरचाच फोटो काढायची सवय आहे, पहिल्या नंबरला उभं कुठं राहायचं हे त्यांना कोणी शिकवलंच नाही... आणि मग जिंकले. जिंकल्यावर तो चषक एखाद्या जावयासारखा घरोघरी मुक्कामाला गेला, प्रत्येक घराने त्याचे लाड केले, आणि कांताच्या घरी आला तेव्हा तिने मायेने तो चिंचेने घासला. तर एका बाजूचा मुलामाच निघाला. तेव्हापासून विहारातल्या कपाटात ती बाजू भिंतीकडे करून ठेवलेली असते. म्हणजे तिथंही मीच, असं तिच्या मनात आलं होतं तेव्हा. आलं आणि तिने ते चिंचेच्या पाण्यासोबत मोरीत ओतून दिलं होतं.

पायगुणाला चिकटणारा तो शब्द मात्र कोणी उच्चारलेला नाही. एकदाही नाही. हे कबूल करायलाच हवं.

सुरुवात दुधापासून झाली. कुठल्याशा सामन्यात आपण एका गोलने मागे होतो, तिला आठवलं की गॅसवर दूध ठेवलंय, ती धावत घरी आली, आणि इकडे ती दूध उतरवते तोच तिकडे बरोबरी झाली. ती परत जाऊन बसली, तर पुन्हा एक गोल खाल्ला. शेजारचा नागसेन, बँकेत असतो, पोटात काही ठेवत नाही, म्हणाला, “काकू, तुम्ही आता दूध तापवालेच जा.” सगळे हसले. सगळ्यांत जास्त मीच हसले. मग एका वर्षी उपांत्य सामना, ती निंबाखाली, हरलो. पुढच्या वर्षी अंतिम, ती निंबाखाली, हरलो. मागच्या वर्षी उपांत्य सामन्याला ती वडनेरला भाचीच्या ओटीभरणाला गेली होती, आणि तिकडे जेवणाच्या पंगतीत फोन आला की तीन गोलने जिंकलो. पानातला लाडू तिने आनंदाने खाल्ला, पण खाताना कुठेतरी कडू लागला.

आणि घरात कोण? हरिदास. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेला, सगळी नालवाडी ज्याला सर म्हणते तो हरिदास, जो दरवर्षी विहारात बावीस प्रतिज्ञा स्वतः पुढे उभा राहून म्हणून घेतो. ज्याने सख्ख्या साळ्याच्या नव्या मोटारसायकलला बांधलेलं लिंबू-मिरची भर रस्त्यात तोडून त्याच मिरचीचा ठेचा करायला लावला होता. नागसेनच्या दुधावर तो म्हणालाच, “कावळा बसाले अन् फांदी तुटाले, नागसेन. त्याले योगायोग म्हंतात.” म्हणाला. पण उपांत्य सामना जिंकल्यावर मात्र कावळा त्याच्या बोलण्यातून उडाला तो उडालाच.

अंतिम सामन्याच्या दिवशी तो दारात बसून बुटांच्या नाड्या बांधत होता. कांता म्हणाली, “तुम्ही व्हा पुढे. माहा गुडघा दुखून राह्यला.” गुडघ्याला काहीएक झालं नव्हतं. तिला फक्त बघायचं होतं... काय बघायचं होतं? तो म्हणेल, चल, काही नाही होत. तो म्हणेल, खुर्ची नेतो तुझ्यासाठी. निदान चिडेल तरी, की तुझ्याही डोक्यात हे शिरलं का? त्याचा हात नाडीवर थांबला. क्षणभरच. मग नाडी बांधून झाली, आणि तो म्हणाला, “बरं, आराम कर.” एवढंच. पण तो उठला तेव्हा त्याच्या खांद्यांवरचा भार उतरलेला तिला दिसला. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याचे खांदे वाचता येतात, त्याला वेगळं शिकावं लागत नाही. सुटकाच ती. माझ्या न येण्याने सुटलेला माणूस पाठमोरा गेला, आणि मी तुरीच्या शेंगा सोलायला मागच्या अंगणात बसले.

तो सामना तिने कानांनी पाहिला. अंगणाला चक्कीची भिंत आडवी, तिच्यामागे मैदान. बराच वेळ नुसती गजबज, शिट्ट्या, कोणाच्या तरी नावाने शिव्या. मग अगदी शेवटी शेवटी एक धप्प असा आवाज आला — बोटं शेंगेवरच थांबली — आणि त्यानंतर शांत... सगळं मैदान श्वास विसरल्यासारखं शांत, आणि मग गलका. तो उठला उजवीकडून, निंबाकडून, जिथे आपली माणसं बसतात; म्हणून तिला कळलं की गोल आपला. तिने ओंजळभर दाणे तसेच वर उधळले, एकटीनेच, आणि मग खाली बसून एकेक वेचत रडली. कशासाठी ते तिलाही धड कळलं नाही. जिंकलो म्हणून रडू आलं, हे खरं. आणि आता ते पक्कंच झालं, म्हणूनही.

हरिदास आला तो मिरवणुकीआधी धावत घरी आला. केसांत, भुवयांत हिरवा गुलाल, सदऱ्याचा एक खांदा पांढराफटक, डोळ्यांतून पाणी. मागोमाग आलेल्या सगळ्यांसमोर तिचे दोन्ही हात धरून म्हणाला, “कांता, तू असाले पाह्यजे होती.” प्रेमानेच म्हणाला. त्याचं माझ्यावर प्रेम नाही असं कोणी म्हटलं तर मी त्याचं तोंड धरीन. पण त्या वाक्याचं काय करायचं, हे तिला अजून उमगलेलं नाही. ते तिने ठेवूनही पाहिलं, टाकूनही पाहिलं. भांडी घासताना, लेकीशी, रोशनीशी फोनवर बोलताना, मधूनच ते वर यायचं: असाले पाह्यजे होती... अन् असती तर?

“...अन् अंकित असा उडाला, असा, की त्याचा गुडघा त्यांच्या गोलकीपरच्या खांद्याले!” आजही बाहेर ओसरीवर नागसेन हातवारे करत होता. रविवार असला की सकाळी तो येतो, पोस्टातून निवृत्त झालेले मधुकरराव येतात, आणि तिघे मिळून तो गोल पुन्हा करतात. वर्षभरात अंकितची उडी इतकी वाढली आहे की आता त्याला खाली उतरवायला शिडी लावावी लागेल. मधुकररावांच्या मते चेंडू डाव्या कोपऱ्यातून आला, नागसेनच्या मते उजव्या. त्यावर गेल्या उन्हाळ्यात दोघे आठवडाभर बोलत नव्हते. हे ऐकत ऐकत कांता भाजी निवडते. तिला ते सवयीचं झालं आहे. खरं सांगायचं तर आवडतंही. तिघे जण एका क्षणाभोवती शेकत बसलेले, त्यांना उठवावंसं वाटत नाही.

“सर, तुम्ही सांगा ना आता,” मधुकरराव म्हणाले. “आज तर सांगाच. आज पुन्हा तेच येऊन राह्यले.”

हरिदासने घसा साफ केला. तो नेहमी उशिरा सांगतो आणि थोडकं सांगतो. “आधी धप्प असा आवाज आला,” तो म्हणाला. “मंग सगळं शांत. इतकं शांत की... आन् मंग निंबाकडून गलका उठला. म्हटलं, आपलाच.”

“वा,” मधुकरराव म्हणाले.

हे तिने कितीदा ऐकलं असेल. ऐकलं म्हणजे कानावरून गेलं. पण आज बसकर हातात होतं, दाराआड ती उभी होती, अर्ध्या सातचा दोरा बोटाला गुंडाळलेला... आणि बोट तसंच राहिलं. निंबाकडून? निंबाखाली बसलेल्याला निंबाकडून गलका कसा ऐकू येईल? त्या गलक्यातला एक तर तो स्वतःच असतो. त्याला दिसायला हवा अंकित, दिसायला हवी जाळी, चेंडू, पडलेला गोलकीपर. यातलं काहीच हरिदासच्या सांगण्यात नाही. कधीच नव्हतं. डावा कोपरा की उजवा, या भांडणातही तो पडला नव्हता. शिक्षक आहे, निवाडा करत नाही, असंच सगळ्यांना वाटलं. त्याच्या सांगण्यात नुसते आवाज आहेत. धप्प, शांत, गलका. हा तर माझा गोल आहे. शेंगा सोलताना मी ऐकलेला, ह्याच क्रमाने... हा त्याच्याकडे कुठून आला?

आणि मग तिला तो सदरा आठवला. दुसऱ्या दिवशी भिजवला तेव्हा हिरवा रंग सुटला आणि खाली खांद्यावर लगदा राहिला, चिकट, पांढरा, कणकेसारखा. तिने नखाने खरवडला होता, आणि वाटलंही होतं की हा चक्कीवर कधी गेला? चक्कीच्या भिंतीला टेकलं की पीठ लागतं, हे नालवाडीतलं शेंबडं पोरही जाणतं. पण तेव्हा जिंकण्याची धामधूम, कोण विचार करतो. सदरा वाळला, इस्त्री झाला, कपाटात गेला.

तो मैदानावर नव्हताच. गोल झाला तेव्हा तो मैदानाकडे पाठ करून चक्कीच्या भिंतीला टेकून उभा होता... भिंतीच्या त्या बाजूला तो, ह्या बाजूला मी, आणि दोघे तोच आवाज ऐकत होतो.

कशाला आला होता? मला बोलवायला? की नुसताच, भीतीने? रोशनीचा बारावीचा निकाल लागायचा होता तेव्हाही हा माणूस घरातून उठून रस्त्यावर जाऊन उभा राहिला होता, आणि निकाल लागल्याचं त्याला शेजाऱ्यांनी सांगितलं होतं. असेल, तसंच असेल. पण मग रस्ता सोडून ह्या बाजूला का? चक्कीच्या पुढे आपलंच घर आहे, दुसरं काही नाही. बोलवायलाच आला होता. येता येता टेकला होता, हिंमत होईना म्हणून... आणि तेवढ्यात गोल झाला, आणि तो मागे फिरला. हेही खरंच की तो मागे फिरला. चार पावलांवर मी होते. गोल झाल्यावर त्याला वाटलं असेल, बरं झालं, नाही पोचलो. वाटलंच असेल. दोन्ही खरं आहे, आणि त्यातलं एक निवडून दुसरं मोरीत ओतता येत नाही.

आणि ह्या हिशेबाने तर — तिला एकदम हसूच आलं, पदराने तोंड दाबावं लागलं — ह्या हिशेबाने तर तो उठून गेला म्हणून गोल झाला. नागसेनला हे कळलं असतं तर सरांनाही दूध तापवायला बसवलं असतं. म्हणून वर्षभर हा माणूस न पाहिलेला गोल सांगत बसला आहे. खोटं बोलता येत नाही, म्हणून नुसते आवाज सांगतो.

मंडळी उठली. जेवून भेटू मैदानावर, म्हणत गेली. जेवणं झाली. जेवताना हरिदास वांग्याच्या भाजीबद्दल जरा जास्तच बोलला. मग तो दारात बसला, बूट पुढे ओढले. मैदानावरून माईकची खरखर यायला लागली होती.

“गुडघा कसा आहे तुहा?” त्याने खाली बघतच विचारलं.

हे दार त्याने तिच्यासाठी उघडं ठेवलं होतं, हे तिला लगेच कळलं. दुखून राह्यला, म्हटलं की झालं. तो म्हणेल बरं, आराम कर, आणि दोघांचीही अब्रू शाबूत. ते शब्द तिच्या जिभेवर तयारही होते.

“गुडघ्याले काई झालं नाई,” ती म्हणाली. “तवाबी नव्हतं.”

त्याचा हात नाडीवर थांबला. या वेळी तो थांबलेलाच राहिला.

“मालूम होतं मले,” तो म्हणाला.

चक्कीचं ती आता विचारणार होती. विचारणं सोपं होतं: सर, धप्प आवाज कुठून ऐकला? पण त्याच्या मानेमागचे पांढरे केस, न्हाव्याने एका बाजूला जरा जास्तच कापलेले, ते बघता बघता तिने ते राहू दिलं. असू दे. त्याचा तेवढा गोल त्याच्याकडे असू दे.

“आन् आलो, आन् हरलो तर?” तिने विचारलं.

आज हरिदासच्या तोंडी कावळा नाही, फांदी नाही. नाडीचं टोक बोटांत धरून त्याने मान वर केली आणि तिच्याकडे पाहिलं. त्या डोळ्यांत भीती होती, अगदी उघडी, परीक्षेला उशीर झालेल्या पोराच्या डोळ्यांत असते तशी. वर्षभर तिला वाटत होतं की तो एकदा ठासून म्हणेल, असलं काही नसतं, कांता. तो हे म्हणणार नव्हता. त्याला म्हणता येत नव्हतं. हीच भीती घेऊन तो त्या दिवशी निंबाखालून उठला होता, सगळ्यांच्या नजरा चुकवून, आणि चक्कीपर्यंत आला होता. न भिणारा माणूस आला असता तर त्यात काय मोठं. हा भीत भीत आला होता. पूर्ण पोचला नाही, हे खरं. पण निघाला होता माझ्याकडेच.

तिला वाटलं होतं, हे बघून दुखेल. दुखलं नाही. उलट छातीत काहीतरी सैल झालं, ओला कपडा पिळून झटकावा तसं. हरलो तर हरू, जिंकलो तर जिंकू, हे ती मनाशी म्हणाली नाही. तिला दोन्हीची धास्ती वाटतच होती, त्याच्याइतकीच. पण आता ती धास्ती एकटीची राहिली नव्हती.

मैदानावर शिट्टी झाली. हरिदास तसाच बसलेला, एक बूट बांधलेला, एक मोकळा, तिच्याकडे बघत. कांताने बसकर उलगडून दोन्ही हातांत ताणून धरलं. तिने ते एकाच माणसापुरतं शिवलं होतं. सरकून बसलं तर दोघं मावतील का, हे ती डोळ्यांनीच मापत राहिली.