ताटात टाकायचं नाही

वर्कशॉपमध्ये त्याला सगळे पैलवान म्हणत. काम वेल्डिंगचं, दंड मुसळासारखे, आणि खाणं असं की समोर आलेलं ताट धुतल्यासारखं लख्ख व्हायचं. मध्यंतरी छातीत दुखलं, इस्पितळात राहावं लागलं, आणि तेव्हापासून बायको त्याच्या जेवणावर डोळ्यांत तेल घालून पहारा द्यायला लागली. घरात ते निभत होतं. बाहेर जेवायला जाणं मात्र त्याने सोडूनच दिलं. कुणी बोलावलं की कंबर धरली आहे म्हणून सांगायचा आणि सुटायचा.

पण लेकीला बंदरावर क्रेन चालवायची नोकरी लागली आणि ती दोघांना जेवायला न्यायचं म्हणाली, तिथे कंबरेचं काही चाललं नाही.

बंदरासमोरच्या त्या हॉटेलात ताटं परातीएवढी. भाजलेला मासा, शेजारी बटाट्यांचा ढीग, भाताचा डोंगर, वर लोणी. भाजी तेवढी एका कोपऱ्यात अंग चोरून बसलेली. बायकोने त्याला थोडंच खायला बजावलं, त्यानेही मान डोलावली. लेक क्रेनच्या केबिनमधून जहाजं कशी खेळण्यासारखी दिसतात ते रंगवून सांगत होती, आणि ऐकता ऐकता त्याचा हात चालूच राहिला. भात संपत आला तेव्हा बायकोने आपला चमचा खाली ठेवला.

"अहो, जिवापेक्षा जीभ मोठी झाली का तुम्हाला?"

तिने आवाज चढवला नव्हता, तरी शेजारच्या टेबलावरच्या माना वळल्या.

पैलवान ताटाकडे बघत राहिला. "पोट केव्हाच भरलंय गं," तो हळूच म्हणाला. "आता चवसुद्धा कळत नाही. पण टाकवत नाही मला."

मग त्याने सांगितलं. त्याची आई एका खाणावळीत भांडी घासायची. लोकांनी उष्टं टाकलेलं अन्न रोज कचऱ्यात लोटताना तिचा जीव तीळतीळ तुटायचा, कारण घरी पोरं अर्धपोटी झोपलेली असायची. ताटात काही टाकणार नाही, असं तिने प्रत्येकाकडून कबूल करून घेतलं होतं.

इतक्या वर्षांच्या संसारात बायकोने हे पहिल्यांदाच ऐकलं. ती इतकी वर्षं त्याला खादाड समजत आली होती. तिने उरलेलं ताट अलगद आपल्याकडे ओढलं.

"टाकायचं नाहीच," ती म्हणाली. "पण संपवायचं आजच, असं कुठे म्हणाल्या होत्या त्या?"

लेकीने रिकामा डबा मागवला. उरलेला मासा आणि बटाटे त्यात गेले, दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये त्याच्या जेवणाला.

पुढच्या महिन्यात ती तिघं पुन्हा तिथेच गेली, आणि या खेपेला पैलवानानेच विषय काढला होता. नवरा-बायकोत मिळून एकच ताट मागवलं, वर भाजी जास्तीची घेतली, लोणी नको म्हणून सांगितलं. बायकोने इस्पितळात शिकवल्याप्रमाणे त्याच्या बशीत तळहाताएवढा मासा आणि मूठभर भात वाढला, उरलेली अर्धी बशी भाजीने भरली, आणि जास्तीचं होतं ते कुणी घास घेण्याआधीच डब्यात काढलं. बशीत टाकण्यासारखं काही राहिलंच नाही. तो सावकाश जेवला. मध्येच त्याने लिंबाची फोड मागितली आणि माशावर पिळली.

मासा लिंबाबरोबर इतका छान लागतो, हे त्याला पन्नाशी उलटल्यावर कळलं.