मिथेनमधला देमेरा

इथिओपियातल्या मेस्केलच्या सणाला देमेऱ्याची होळी पेटलीच पाहिजे, म्हणून तिरुनेशमावशींनी या परक्या चंद्रावरही तळाबाहेर लाकडं रचली. पण ठिणगी नुसती उडायची आणि विझायची.

"बाहेर सगळा मिथेन आहे, मावशी. प्राणवायूवाचून तुमचा देवसुद्धा जाळ करू शकणार नाही," तळप्रमुख हब्तामू रेडिओवर खेकसला.

"मग दे प्राणवायू."

"लोकांच्या श्वासातला? फुंकरभरही मिळणार नाही."

"ठेव तुझ्यापाशीच, कंजुषा."

मावशींनी आपल्याच पाठीवरच्या टाकीची जादा नळी लाकडांत खुपसली, ठिणगी दिली आणि स्तोत्र म्हणू लागल्या. नळीच्या तोंडाशी पिवळी ज्योत उभी राहिली.

"मरायचंय का, म्हातारे?"

मावशी गातच राहिल्या. शेवटी शिव्या घालत हब्तामू बाहेर आला आणि त्याने स्वतःची टाकी मावशींच्या टाकीला जोडली.