ड्रायरची वाफ

ड्रायर लावला की पाइपमधून माझ्या बायकोचा श्वास येतो. शालन जाऊन तीन महिने झाले. तिची जांभळट कोनफळी साडी आत घातली की श्वास चाळीस मिनिटं टिकतो. टॉवेल घातला तर येत नाही.

आमचं गाव घाटमाथ्यावर आहे. इथे चार महिने कपडे वाळत नाहीत, कुबट होतात. म्हणून आमच्या मुलीने, हेमलताने, आईसाठी ड्रायर घेऊन दिला. त्याचा पाइप भिंतीतून बाहेर काढायचा असतो. मी तो घरातच सोडला. गरम हवा बाहेर कशाला घालवायची, असं वाटलं. पाइपच्या तोंडाला शालनच्या जुन्या परकराचा तुकडा बांधला.

शालन दवाखान्यात वारली तेव्हा मी खाली चहा पीत होतो. आता रोज सकाळी साडी भिजवतो, पिळतो, ड्रायरमध्ये टाकतो आणि पाइपच्या तोंडाशी स्टूल घेऊन बसतो.

साडीतून बारीक कापूस निघतो. परकराच्या तुकड्याने तो अडत नाही. तो भिंतींवर बसतो आणि वाढतो. आधी बोटभर होता, मग वीतभर. झाडून काढला तर दुसऱ्या दिवशी तेवढाच असतो, वर थोडा जास्त. कपाटाची दारं उघडेनाशी झाली.

हेमलता राहायला आली.

"बाबा, घर लहान झालंय."

"तू मोठी झालीस."

"चाळीस पूर्ण झाली मला. आता कुठली वाढतेय."

मग तिला खोकला आला. तोंडातून कोनफळी धागा निघाला. तिने तो ओढला, रिकाम्या रिळावर गुंडाळला आणि रीळ फ्रिजवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी रीळ भरलं.

तिने गावस मिस्त्रीला बोलावलं. तो फ्रिज आणि वॉशिंग मशीन दुरुस्त करतो. दारातून त्याला अंग तिरकं करून यावं लागलं.

"भाऊ, पाइप घरात सोडलात? चूल पेटवून धुराडं उशाला घेतल्यासारखं झालं हे."

"बाहेर काढला तर?"

"तर वाफ बाहेर जाईल. त्यासाठीच असतो तो."

त्याने पाइपला कान लावला. मग डोक्यावरची टोपी काढली.

"वहिनी?"

"हो."

"तरी बाहेरच काढायला हवा. पत्र्याचा पाइप घ्या, सरळ आणि आखूड. जोडाला स्क्रू मारू नका, आत कापूस अडकतो आणि पेट घेतो. बाहेरच्या तोंडाला जाळी नको, झडप लावा. हवा आली की उघडेल, थांबली की मिटेल."

"मग तूच लाव."

"वहिनींच्या हातचं जेवलोय मी, भाऊ. माझ्याकडून नाही व्हायचं."

पाइप आणि झडप ठेवून तो तसाच तिरका होऊन निघून गेला.

मी पाइप लावला नाही. ड्रायर बंद ठेवायचं ठरवलं. प्लग काढला. ड्रायर फिरतच राहिला. झाकण उघडेना. काचेतून साडी दिसत होती. ती इतकी विरली होती की तिच्यातून पलीकडची बाजू दिसत होती.

चौथ्या दिवशी हेमलताचं बोलणं बंद झालं. धागा घशातून निघेना. मी दोन्ही हातांनी ओढला, तिच्या डोळ्यांत पाणी आलं, धागा तुटला. तोवर भिंती पलंगाला येऊन टेकल्या होत्या. तिचे ओठ निळे पडले.

मी छिन्नी आणि हातोडी घेतली. आधी हातभर कापूस लागला, मग वीट. छिन्नी बाहेर निघाली तेव्हा माझं बोट फुटलं होतं. पाइपच्या बाहेरच्या तोंडाला झडप लावली, पाइप आतून सरळ बसवला, बाहेरच्या बाजूला किंचित उतार दिला, जोडांना पत्र्याची चिकटपट्टी गुंडाळली.

हेमलताने एक लांब श्वास घेतला.

"बाबा," ती म्हणाली. आवाज स्वच्छ होता.

दार उघडत नव्हतं, म्हणून मी पाइपशेजारच्या खिडकीतून घरामागे उतरलो. झडप उघडी होती. शालनचा श्वास बाहेर पडत होता आणि दोन हातांवर धुक्यात मिसळून धुकं होत होता. मी खिशातली पिशवी झडपेला धरली. पिशवी ओली झाली, एवढंच.

"शालन, थांब," मी म्हणालो.

मग झडपेवर तळहात ठेवला. झडप मिटली. आत हेमलता खोकली. मी हात काढला. खोकला थांबला. श्वास आता बारीक येत होता.

"बाबा, आत या," हेमलताने खिडकीतून हाक मारली. "साडी संपत आलीय. नुसता काठ उरलाय."

"येतो."

"कधी?"

मी तळहात पुन्हा ठेवला. हेमलता खिडकीतून हात बाहेर काढून माझी बाही ओढत होती, तोंडातून शब्द निघत नव्हता, आणि झडप आतून माझ्या हाताला हळूहळू ढकलत होती.